शिकवणीच्या वेळेबाहेर

घरातल्या कुत्र्याला शिकवणारा प्रशिक्षक आठवड्यातून दोन-तीन वेळा येतो आणि तासाभराने जातो. उरलेला सगळा वेळ कुत्रा घरच्यांकडून शिकत असतो, आणि आपण काही शिकवत आहोत याचा घरच्यांना पत्ताही नसतो. पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिक-नागपूरच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आल्यावर पहिल्या वर्षात जे चढउतार होतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ इथे सापडते. म्हणून या कामात मुरलेली माणसे पहिल्या भेटीत पिल्लापेक्षा घराकडे जास्त लक्ष देतात. जेवताना कोण कुठे बसते, बेल वाजली की दार कोण उघडते, चपला उघड्यावर असतात की कपाटात, आणि घरातले सर्वांत लवकर विरघळणारे माणूस कोणते, एवढे कळले की पुढच्या तक्रारींचा अंदाज येतो.

पिल्लू आईपासून वेगळे करण्याचे योग्य वय साधारण आठ आठवड्यांचे. बाजारात पाच-सहा आठवड्यांची पिल्लेही विकली जातात, कारण जितके लहान तितके ते गोंडस दिसते. भावंडांशी दंगा करताना पिल्लू दात किती जोरात लावायचे हे शिकते. एकाने जोरात चावा घेतला की दुसरे केकाटते, खेळ मोडतो, आणि चावणाऱ्याला समज मिळते. लवकर आणलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो आणि पुढे माणसांच्या हातापायांवर गिरवला जातो. त्यात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येण्याचा काळ साधारण चौथ्या ते सातव्या महिन्याचा. हिरड्या शिवशिवत असतात आणि सोफ्याचे कोपरे, टेबलाचे पाय, चार्जरच्या वायरी यांची वाट लागते. ओले फडके पिळून, फ्रीजरमध्ये गार करून चघळायला देणे हा स्वस्त उपाय चांगला चालतो. पिल्लाने हात धरला तर झटकन मागे ओढू नये. ओढलेला हात हे पळते खेळणे होते. हात सैल सोडून, खेळ थांबवून क्षणभर उठून जाणे त्याला जास्त कळते.

पहिल्या काही रात्री पिल्लू रडते. रडू द्यावे, म्हणजे सवय होईल, असा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. कालपर्यंत भावंडांच्या उबेत झोपलेले पिल्लू बंद बाल्कनीत एकटे ठेवले, तर त्याला सवय लागते ती रात्रीला घाबरण्याची. पलंगाशेजारी खोक्यात त्याची जागा करावी आणि आठवड्याभराने ते खोके थोडे थोडे दाराकडे सरकवत न्यावे, यात घरच्यांची झोपही कमी मोडते.

खरी कसोटी शी-शूची. इथे घरोघरी हिशेब चुकतो. पिल्लाला ताबा किती वेळ ठेवता येईल याचा ढोबळ ठोकताळा असा: जितक्या महिन्यांचे पिल्लू, त्यापेक्षा एक तास जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास, आणि तेही ते शांत पडून असेल तर. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ रंगात आल्यावर त्याला जावेच लागते. या तीन वेळा ठरवून त्याला नेमलेल्या जागी नेले आणि काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे बक्षीस दिले, तर बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत मार्गी लागतात. बक्षीस घरात परतल्यावर दिले, तर पिल्लाच्या लेखी ते घरात शिरण्याचे होते. चूक झाली म्हणून नाक त्यात घासण्याची पद्धत अजून अनेक घरांत चालते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते पडद्यामागे, दिवाणाखाली जाऊन करते, आणि खाली फिरायला नेल्यावर माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा असेल तर करतच नाही. अर्धा तास फिरवून आणले आणि घरात येताच हॉलच्या मधोमध केले, ही तक्रार बहुतेक वेळा अशाच घरातून येते.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू खाली न्यायचे नसल्याने फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रावर शिकवतात. सोय चांगली आहे, पण पायाखालच्या पृष्ठभागाची आवड या वयात पक्की होते. कागदावर शिकलेल्या पिल्लाला सकाळी सोफ्याशेजारी पडलेला न वाचलेला पेपरही तेवढाच योग्य वाटतो. माती आणि गवताची सवय वेगळी लावावी लागते. त्यासाठी बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती घालून ठेवतात. पुसण्याबाबतही एक गैरसमज आहे. फिनाइलचा वास माणसाच्या नाकाला पुरतो. कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा मूळ वास येतच राहतो आणि जागा पक्की होत जाते. सेंद्रिय अंश पचवणारी विकरयुक्त द्रावणे त्यासाठी मिळतात. कोकणात आणि मुंबईत जून उजाडला की सगळी घडी पुन्हा विस्कटते. ओले गवत पायाला लागले की काही कुत्री जागच्या जागी रुतून बसतात आणि दिवसभर रोखून धरतात. पावसाळ्यात जिन्याखालचा किंवा पार्किंगच्या कडेचा कोरडा कोपरा आधीपासून ओळखीचा करून ठेवणे शहाणपणाचे.

कुत्रा कसा शिकतो याचे शास्त्र फार अवघड नाही. पचनक्रियेवरील कामासाठी १९०४ चे नोबेल मिळालेल्या इव्हान पावलॉव्ह यांनी दाखवलेला संबंध प्रत्येक घरात रोज दिसतो: पट्ट्याची कडी वाजली की शेपूट हलू लागते, बेल वाजली की भुंकणे सुरू होते. दुसरा भाग बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून आला. ज्या कृतीतून फायदा होतो ती वाढते, जिच्यातून काही मिळत नाही ती विरते. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी हे तत्त्व प्रयोगशाळेबाहेर काढून प्राणी शिकवण्याच्या धंद्यात आणले. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे ते कुत्री पाळणाऱ्या सामान्य घरांत पोचले. व्यवहारात महत्त्व आहे ते वेळेला. बक्षीस कृतीनंतर सेकंदा-दीड सेकंदात मिळाले पाहिजे. कुत्रा बसला, मालकाने कौतुकाने बायकोला हाक मारली, डबा उघडला, तुकडा काढला, तोवर कुत्रा उठून उडी मारतो आणि तुकडा उडीला मिळतो. म्हणून आधी एक ठरावीक आवाज, क्लिकरचा किंवा तोंडाने म्हटलेला छोटा शब्द, बक्षिसाशी जोडून घेतात. त्या आवाजाने नेमका क्षण पकडला जातो, तुकडा मागाहून दिला तरी चालतो.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. उकडलेले चिकन सर्वांत प्रभावी. शाकाहारी घरांत पनीर, उकडलेले रताळे किंवा गाजर चालते. दहीभात कुत्र्याला कितीही आवडत असला तरी शिकवणीला कुचकामी, कारण तो खिशात ठेवता येत नाही आणि चटकन देता येत नाही. दिवसभरातले तुकडे जेवणातून वजा करायचे असतात. ते होत नाही, आणि लॅब्राडोर वर्षाच्या आत गोलमटोल होतो. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषारी. मनुका घातलेला प्रसादाचा शिरा, लसणाची फोडणी आणि मुलांच्या हातातले चॉकलेट यांवर त्यामुळे घरात कायमची नजर ठेवावी लागते.

आता घरच्यांच्या शिकवणीकडे. जेवणाच्या टेबलाशी बसून कुत्रा भुंकतो आणि कोणीतरी पोळीचा तुकडा खाली सोडते. हे रोज घडले असते, तर सवय मोडणे तुलनेने सोपे गेले असते. पण ते कधी घडते, कधी नाही, आणि अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाइतकी चिवट सवय दुसरे काहीच लावत नाही. मग घरात ठराव होतो: आजपासून कोणीही द्यायचे नाही. पहिले दोन दिवस कुत्रा नेहमीसारखा भुंकतो. त्यानंतर तो जास्त जोरात, जास्त वेळ भुंकतो, टेबलावर पंजे टाकतो. हा उद्रेक म्हणजे सवय विझू लागल्याची खूण आहे. आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली, की कोणताही प्राणी आधी तीच युक्ती अधिक जोर लावून करून पाहतो. नेमक्या याच संध्याकाळी आजोबा म्हणतात, “अगं, दे त्याला एक घास, बिचारा भुकेला असेल.” घास मिळतो. कुत्र्याच्या दृष्टीने निष्कर्ष स्पष्ट असतो: साध्या भुंकण्याने भागत नाही, एवढे भुंकावे लागते. घरातले मात्र प्रशिक्षकाला सांगतात, की तुमचा उपाय करून पाहिला, त्याने उलट वाढले. तक्रार खरी असते. आजोबांना दोष देऊनही काही साधत नाही. त्यांना देण्यात आनंद आहे आणि कुत्र्याशी त्यांचे नाते त्यातूनच जुळले आहे. जाणते प्रशिक्षक आजोबांच्या हातात डबा देतात आणि सांगतात, तुम्हीच द्यायचे, पण जेवण संपल्यावर, तो आपल्या चटईवर पडून असेल तेव्हा. घरातला सर्वांत मोठा अडथळा अशा वेळी सर्वांत चांगला शिक्षक ठरतो.

एकाच कामाला घरात चार शब्द असणे हेही नेहमीचे. मुलगी “सिट” म्हणते, आजी “बस रे बाळा”, वडील नुसतेच बोट दाखवतात. “खाली” हा शब्द पडून राहा म्हणूनही वापरतात आणि सोफ्यावरून उतर म्हणूनही. फ्रिजवर शब्दांची एक यादी चिकटवून सर्वांनी ती पाळली, तर निम्मा गोंधळ मिटतो. अनेक घरांत कुत्रा सर्वांत जास्त ऐकतो तो कामाला येणाऱ्या मावशींचे. फरशी पुसून वाळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा एकच नियम असतो आणि तो रोज तसाच असतो. त्यांना लाडाला वेळ नसतो, त्यामुळे अपवादही होत नाही.

प्रशिक्षक आला की कुत्रा शहाण्यासारखा वागतो आणि तो जिना उतरला की सगळे विसरतो, याचे कारण कुत्र्याच्या लबाडीत शोधले जाते. वास्तविक कुत्रा शिकलेली गोष्ट जागेसकट आणि माणसासकट शिकतो. हॉलमध्ये गालिच्यावर बसणे आणि पार्किंगमध्ये स्कूटर जात असताना बसणे या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच आज्ञा स्वयंपाकघरात, जिन्यात, फाटकाशी, रस्त्यावर अशी प्रत्येक ठिकाणी नव्याने सोपी करून शिकवावी लागते. कंटाळवाणे काम आहे आणि बहुतेक घरे इथेच सोडून देतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुंगून काढणाऱ्या पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडोरचे उदाहरण लोक हटकून देतात: तोही लॅब, आमचाही लॅब. जात एक असली तरी पोलिसी कुत्र्यामागे ठरलेला हँडलर आणि रोजचा सराव असतो. घरच्या कुत्र्याला पाच हँडलर असतात आणि सरावाला रविवार.

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाने जग ओळखून घेण्याचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून हा काळ नोंदवला. त्यांचे पुस्तक १९६५ चे. या वयात जे दिसले, ऐकले आणि सुखाचे वाटले, त्याची पुढे सहसा भीती राहत नाही. अडचण अशी, की पार्व्हो आणि डिस्टेंपरचा धोकाही याच वयात सर्वांत जास्त. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणजे डॉक्टर खाली न्यायला परवानगी देईपर्यंत ओळखीची वेळ निघून गेलेली असते. पशुवर्तनाचे काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच लसीकरण संपण्याची वाट न पाहता, काळजी घेऊन पिल्लाला जग दाखवावे अशी भूमिका घेतली. आपल्याकडे त्याचा सोपा अर्थ म्हणजे पिल्लू कडेवर घेऊन फाटकापर्यंत जाणे. रिक्षा, दुधाच्या कॅनचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत येणाऱ्या आजी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला आणि घरात कुकरची शिट्टी, हे सगळे लांबून, तुकडा चघळत पाहिलेले पिल्लू मोठेपणी रस्त्यावर निम्मे शांत असते. ज्या घरांनी हे आठवडे दार बंद ठेवून काढले, त्यांना पुढे हेल्मेटवर भुंकणारा कुत्रा दोन वर्षे समजवावा लागतो.

रस्त्यावरचे पहिले आव्हान म्हणजे गल्लीतली कुत्री. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि पट्ट्यातल्या कुत्र्याला पळून जाण्याचा मार्ग नसतो. मालक घाबरून दोरी आखडतो, ताण गळ्यापर्यंत पोचतो, आणि कुत्रा आधी भुंकून घेतो. दोरी सैल ठेवून लांबूनच वळसा घालणे, गल्लीत खायला घालण्याच्या वेळा टाळणे आणि दुरून दुसरा कुत्रा दिसताच तुकडा देणे, यावर महिनोन्‌महिने टिकून राहावे लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात फिरणेच मुळात पहाटेवर ढकलावे लागते. कुत्र्याला अंगावर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, आणि तापलेल्या डांबराने पंजे पोळतात. नागपुरात हस्की पाळणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. पग आणि शिह त्झू यांची चपटी नाकेही उकाड्यात तोकडी पडतात. गावठी कुत्र्यांना हवा मानवते, त्वचेचे आजार कमी होतात, आणि ती शिकण्यात मागे नसतात. लॅबइतकी ती खाण्यासाठी वेडी नसतात, एवढाच फरक पडतो. कशासाठी काम करतील ते शोधावे लागते. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातले कारवान आणि मुधोळ हे तर नजरेने शिकार हेरणारे. पळते मांजर दिसले की त्यांच्यापुढे पनीरची किंमत शून्य.

चप्पल पळवणे हा विषय छोटा, पण त्यातून मोठे दुखणे उभे राहते. पिल्लाने चप्पल उचलली, घरभर आरडाओरडा झाला, चौघे मागे धावले, शेवटी जबडा उघडून चप्पल काढली. पिल्लाला खेळही मिळाला आणि धडाही, की माणूस जवळ आला म्हणजे तोंडातले जाते. पुढच्या वेळी ते पटकन गिळते किंवा गुरगुरते. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून “सोड” म्हणून अदलाबदल करावी, चपलेऐवजी काहीतरी जास्त चांगले द्यावे, आणि जमेल तेव्हा मूळ वस्तू परतही द्यावी. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि सूचना न देता चावू लागतो.

मारण्याचे समर्थन बहुधा “घरात बॉस कोण ते त्याला कळले पाहिजे” या वाक्याने होते. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या नोंदवल्या आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने “अल्फा”, म्हणजे कळपाचा म्होरक्या, जगभर नेला. पुढे मेक यांनीच मोकळ्या रानातले लांडगे पाहिले. तो कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब निघाले, आणि १९९९ मध्ये त्यांनी आधीची मांडणी दुरुस्त केली. कुत्रा दारातून आधी बाहेर पडतो तो घाईमुळे. सत्तेचा प्रश्न त्यात नसतो.

सहाव्या महिन्यापर्यंत सगळे सुरळीत होते आणि मग कुत्रा एकाएकी बहिरा झाल्यासारखा वागू लागतो. हाक मारली की मान वळवून पाहतो आणि गवत हुंगायला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अंधांचे मार्गदर्शक म्हणून वाढवलेली कुत्री पाचव्या आणि आठव्या महिन्यात तपासली गेली. आठव्या महिन्यात ती आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकत, अनोळखी माणसाचे मात्र नीट ऐकत. किशोरवयीन मुले असलेल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही. या टप्प्यावर कुत्री सर्वांत जास्त सोडून दिली जातात, दुसऱ्याला देऊन टाकली जातात किंवा दिवसभर बांधून ठेवली जातात. करायचे एवढेच असते: लांब दोरी लावावी, अपेक्षा चार महिन्यांच्या पिल्लाएवढ्या खाली आणाव्यात, आणि हाकेला येण्याची किंमत वाढवावी. हाक मारून आंघोळीला नेणे किंवा हाक मारून घरी परत नेणे या काळात टाळावे; आलेल्या कुत्र्याला चार तुकडे देऊन पुन्हा खेळायला सोडले, तर हाकेचा अर्थ शाबूत राहतो.

एकटे राहणे हे शिकवावे लागणारे कौशल्य आहे, हे २०२० च्या टाळेबंदीत पिल्ले आणलेल्या घरांना नंतर कळले. माणूस चोवीस तास घरात असताना वाढलेली कुत्री, कार्यालये उघडल्यावर दार ओरबाडू लागली आणि सोसायटीत तक्रारी गेल्या. कचरा टाकून येण्याएवढ्या वेळापासून सुरुवात करून तो हळूहळू वाढवणे हाच मार्ग. सोसायट्यांनाही कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि विष्ठा उचलायची पिशवी या तीन गोष्टी जवळ असल्या, की लिफ्टमधली बरीच भांडणे सुरूच होत नाहीत.

गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके वर्षभराची मेहनत एका रात्रीत उधळू शकतात. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. तयारी पावसाळ्यातच सुरू करायची असते: फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून त्याच वेळी जेवण द्यायचे, आणि आठवड्याला आवाज किंचित वाढवायचा. ऐन दिवाळीत हा प्रयोग सुरू करून काही साधत नाही. तेव्हा संध्याकाळचे फिरणे उजेडात उरकावे, खिडक्या लावाव्यात, पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, आणि फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याकडून औषध आधीच लिहून घ्यावे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते असे म्हणतात, ते खरे नाही. भीती ही त्याने मुद्दाम केलेली कृती नसते, त्यामुळे जवळ घेणे हे तिचे बक्षीस ठरत नाही.

वर्ष-दीड वर्षानंतर घडी बसते. ओट्यावरचे चिकन पळवणे काही कुत्री आयुष्यभर सोडत नाहीत, आणि मालक ओटा मोकळा ठेवायला शिकतात. पहिल्या वर्षात लावलेल्या सवयींपैकी एकीचा उपयोग फार उशिरा होतो. प्रत्येक शब्दाबरोबर हाताची खूणही शिकवलेली असली, तर बारा-तेरा वर्षांच्या, कानाने मंद झालेल्या कुत्र्याला बस, थांब, ये हे सगळे पूर्वीसारखेच सांगता येते. अंधारात खूण दिसत नाही तेव्हा टॉर्चची उघडझाप “ये” म्हणून शिकवतात, आणि तीही म्हातारा कुत्रा चार-सहा दिवसांत उचलतो.